न गंजणाऱ्या पोलादाची गोष्ट

श्रोतेहो, तांब्याला चिंच लागते, पितळेला कल्हई लागते. स्टीलच्या भांड्याला यातले काहीच लागत नाही. १९१३ साली इंग्लंडात शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियम मिसळून असे पोलाद तयार केले. पुढे ‘याला कशाचीच बाधा नाही’ असा समज पसरला. तो समज कसा महागात पडला, ते ऐका.

स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे बंदिस्त पोहण्याचा तलाव होता. त्याचे काँक्रीटचे जड छत स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांनी वर टांगलेले होते. ९ मे १९८५ रोजी ते कोसळले आणि १२ माणसे दगावली. इमारत अवघी १३ वर्षांची!

झाले काय? या पोलादावर अतिसूक्ष्म पापुद्रा असतो. तेच त्याचे चिलखत. क्लोरीन घातलेल्या पाण्याच्या दमट हवेतून क्लोराइड सळ्यांवर साचले आणि चिलखत भेदले गेले. सळ्या भाराने ताणलेल्या होत्याच. त्यांत केसासारख्या भेगा खोल शिरल्या.

आपल्या मिठातही हेच क्लोराइड असते. आणि वेल्डिंगच्या सांध्यात तर भार नसतानाही ताण राहतो. कारण वितळलेला धातू थंड होताना आकसू पाहतो, बाजूचा धातू त्याला आकसू देत नाही. म्हणून खाऱ्या जागी, विशेषतः उष्ण कामात, सांध्याला तडा जाण्याचे भय अधिक.

तेव्हा गुरुजी, मुलांना एवढे जरूर सांगा: धातूची परीक्षा चकाकीवरून करू नये, त्याचा सांधा पाहावा, त्यावरचा ताण पाहावा, आणि जिथे नजर पोचत नाही तिथे मुद्दाम दिवा न्यावा.