नौकायंत्रांची निगा आणि तिचें दप्तर : भिगवणच्या जलाशयानिमित्त

१

इंदापूर परगणा म्हटला कीं, संशोधकाच्या डोळ्यांपुढें मालोजीराजांची गढी, भीमेचे उतार आणि पुण्याहून सोलापुराकडे जाणारी वाट उभी राहते. गलबतांच्या इतिहासाचा शोध करणारानें या प्रांताकडे वळावें असें पूर्वीं कोणास सुचलें नसतें. परंतु इ. स. १९८० (शके १९०२) मध्यें माढें तालुक्यांत भीमेवर उजनीचें धरण पुरें झालें, आणि त्याच्या मागें यशवंतसागर या नांवाचा जो विस्तीर्ण जलाशय पसरला, त्यानें भिगवण हें सडकेवरील गांव पाणकांठचें करून सोडलें. या जलाशयाची सांठवण सुमारें ११७ अब्ज घनफूट असून, त्यांतील निम्म्याहून अधिक पाणी धरणाच्या दरवाजांनीं सोडतां न येणारें, म्हणजे अचल आहे. त्याच्या पोटांत शेतें, वाटा, विहिरी व गांवठाणें गेलीं. पळसदेवचें जुनें देवालय पाणी फार ओसरलें म्हणजे पुन्हा दृष्टीस पडतें. डिकसळ येथील जुना रेल्वेपूल, आगगाडीचा मार्ग बदलल्यावर, इंदापूर व करमाळें यांमधील रहदारीस बरींच वर्षें उपयोगी पडला. आतां या पाण्यावर मासेमारांच्या होड्या चालतात, आणि हिंवाळ्यांत रोहित पक्षी पाहण्यास येणाऱ्यांच्या होड्याही चालतात.

जेथें होडी आली तेथें पाण्याची खोली, दिशा, वारा व निरोप या चार गोष्टींची गरज आली. आणि त्या सांगणारीं यंत्रेंही आज ना उद्यां येणारच. या यंत्रांचा इतिहास कोठें कोठें लिहिला गेला आहे. त्यांच्या दुरुस्तीचा व निगेचा इतिहास मात्र लिहिला गेलेला नाहीं, व त्याचीं साधनें गोळा करण्याकडे आमच्या संग्राहकांचें लक्षही गेलेलें नाहीं. तें जावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२

मराठी राज्यकारभारांत जहाजांच्या निगेचा विचार नव्हता असें कोणी समजूं नये. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमाराचें स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळा लागण्यापूर्वीं गलबतें छावणीस कोठें न्यावीं, प्रतिवर्षीं एकाच बंदरीं तीं कां ठेवूं नयेत, आरमाराच्या लोकांचा उपद्रव गरीब रयतेस कसा होऊं द्यावयाचा नाहीं, लांकडांसाठीं आंबे-फणसांसारखीं झाडें जबरदस्तीनें कां तोडूं नयेत, इतक्या बारीक गोष्टींची ताकीद त्यांत दिलेली आहे. जहाज बांधणें हें एक काम आणि तें राखणें हें दुसरें, हा भेद त्या काळच्या मुत्सद्द्यांस पूर्णपणें ठाऊक होता.

परंतु या सर्व विचाराचा भर गलबत, लांकूड, माणूस व बंदर यांवर आहे. याचें कारण उघड आहे. त्या काळीं किनाऱ्यावरील तांडेलाचें यंत्र म्हणजे होका आणि शिशाचा गोळा बांधलेली दोरी. दोरी भिजून ताणली म्हणजे वावांचें माप चुकूं लागतें. तेव्हां ती पुन्हा मोजून खुणा बदलाव्या लागतात. हें काम तांडेल आपल्या हातानें करी, व आपल्या दोरीची खोड त्यास पाठ असे. यंत्र, त्याची चूक आणि ती चूक जाणणारा मनुष्य हीं तिन्हीं एकाच होडींत असत. म्हणून त्यांविषयीं कागद होण्याचें कारणच पडलें नाहीं. कागद उत्पन्न झाला तो यंत्र वापरणारा आणि यंत्र तपासणारा हे दोघे वेगळे झाले तेव्हां.

३

ही फारकत आपल्याकडे प्रथम स्पष्ट दिसते ती मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत. इ. स. १८२६ मध्यें कंपनी सरकारनें ही वेधशाळा स्थापिली. वेध घेणें आणि जहाजांस बिनचूक वेळ पुरविणें हा तिचा मूळ उद्देश. वेळेचें जहाजास एवढें महत्त्व कां, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पृथ्वी एका तासांत १५ अंश फिरते. म्हणून समुद्रांत रेखांश काढावयाचा तर मूळ ठिकाणची वेळ दाखविणारें घड्याळ जवळ असावें लागतें. त्यांत चार सेकंदांची चूक झाली कीं रेखांशांत एका कलेची चूक होते. विषुववृत्ताजवळ हें अंतर एक सागरी मैल भरतें.

आतां असें समजा कीं, एक घड्याळ रोज दोन सेकंद मागें पडतें. तीस दिवसांच्या सफरीनंतर तें एक मिनिट मागें असेल, आणि मुंबईच्या अक्षांशावर जहाजाची जागा सुमारें चौदा सागरी मैलांनीं चुकेल. रात्रीच्या वेळीं किनाऱ्यावर जहाज फुटावयास इतकें अंतर पुरेसें आहे. पण तें घड्याळ रोज नेमके दोनच सेकंद मागें पडतें, हें बंदर सोडण्यापूर्वीं तपासून वहींत लिहिलेलें असेल, तर हिशेबानें चूक काढून टाकतां येते व घड्याळ पूर्ण विश्वासाचें ठरतें. म्हणजे यंत्राचा खरेपणा तें कधींच न चुकण्यांत नसून, तें किती चुकतें हें ठाऊक असण्यांत आहे. बखरी व पत्रें चाळणारास हें नवें वाटूं नये. सुहूर सनाचा आंकडा इसवी सनाशीं जुळत नाहीं म्हणून आपण तो कागद टाकून देत नाहीं. दोहोंतील अंतर आपणांस ठाऊक असतें, व जंत्रीच्या आधारानें आपण मिति निश्चित करितों. जहाजाच्या घड्याळास त्याची चालीची वही ही जंत्रीच होय.

या वेधशाळेशीं मराठी विद्वानांचा संबंध निकटचा होता. केरो लक्ष्मण छत्रे हे ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ रचण्यापूर्वीं बरींच वर्षें ऑर्लिबारसाहेबांच्या हाताखालीं येथें वेध नोंदण्याचें काम करीत होते. बाळशास्त्री जांभेकरांचाही या संस्थेच्या कारभाराशीं संबंध आला होता. पुढें येथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं निरीक्षणें नियमितपणें होऊं लागलीं. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते, आणि तें ढळणें वर्षानुवर्षें कसें बदलतें, हें अशा निरीक्षणांवरूनच नकाशांत उतरतें. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरतांच त्यांच्या प्रवाहानें चुंबकयंत्रें बिघडतील हें ओळखून, नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्या देखरेखीखालीं इ. स. १९०४ मध्यें अलिबागेस नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. दोन्ही ठिकाणचीं निरीक्षणें कांहीं काळ बरोबरीनें घेऊन एकमेकांशीं ताडून पाहिलीं, आणि मगच कुलाब्याचीं निरीक्षणें बंद केलीं. जुन्या व नव्या नोंदींची सांखळी तुटूं नये म्हणून घेतलेली ही खबरदारी आम्हांस मोठी बोधप्रद वाटते.

४

बिनतारी संदेशयंत्र आल्यावर निगेचा प्रश्न निराळ्या रूपानें पुढें आला. घड्याळ चुकलें तर जहाज भलतीकडे जातें; संदेशयंत्र नसलें किंवा बंद पडलें तर जहाज बुडाल्याचें कोणास कळतही नाहीं. ता. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळांत उलटली व सहाशेंहून अधिक माणसें मेलीं. बोटीवर संदेश पाठविण्याचें यंत्र नव्हतें. मुंबई इतकी जवळ असूनही, वांचलेलीं माणसें किनाऱ्यास लागेपर्यंत शहरास या अनर्थाचा पत्ता नव्हता. कोंकणांतील कित्येक घरांत ती अमावास्या अद्यापि विसरलेली नाहीं.

मोठ्या जहाजांवर बिनतारी अधिकारी असे. संदेश ऐकणें व पाठविणें हें त्याचें काम, तसेंच यंत्र दुरुस्त ठेवणें हेंही त्याचेंच. दर तासास दोन वेळां, तीन-तीन मिनिटें, संकटाच्या लहरीवर सर्वांनीं मौन पाळून केवळ ऐकावयाचें असा नियम होता. त्यासाठीं त्याच्या खोलींतील घड्याळाच्या तबकडीवर तेवढे भाग तांबड्या रंगानें रंगविलेले असत. ऐकलेलें, न ऐकलेलें, बॅटरीची स्थिति, बदललेला भाग, हें सर्व तो रोजनिशींत लिही. जागतिक सागरी संकट व सुरक्षा व्यवस्था ता. १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्णपणें अंमलांत आली आणि मोर्सच्या संकेतांचा काळ संपला. त्याबरोबर हा अधिकारीही बहुतेक जहाजांवरून गेला. नव्या नियमांनीं निगेच्या तीन रीती ठरवून दिल्या : यंत्रें दुहेरी ठेवणें; किनाऱ्यावर दुरुस्तीची सोय करून ठेवणें; किंवा समुद्रांतच दुरुस्ती करूं शकेल असा जाणता मनुष्य व सुटे भाग जहाजावर बाळगणें. किनाऱ्याजवळ फिरणारानें यांपैकीं एक रीत पाळली तरी चालते. दूर समुद्रांत जाणारास दोन पाळाव्या लागतात. तांडेलाच्या एका हातांत असलेलें काम शेवटीं तिघांत कसें वांटलें गेलें, याचा इतिहास या एका नियमांत सांठविलेला आहे.

५

लहान होडीस हे नियम लागत नाहींत. पण यंत्रें तिच्यावरही येऊं लागलीं आहेत. ता. ३० ऑगस्ट १९२४ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे ता. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं, पालघर येथें मासेमार नौकांवर एक लक्ष संदेशयंत्रें बसविण्याच्या सरकारी योजनेचा आरंभ झाला. यंत्र बसविल्याची नोंद सरकारांत राहीलच. तें पुढें किती दिवस चाललें व कशानें थांबलें याची नोंद कोण ठेवील, हा खरा प्रश्न आहे.

समुद्रकांठचा कारागीर या यंत्रांचे रोग चांगले ओळखतो. खारी हवा तांब्याच्या जोडांत शिरून हिरवा कळंक चढवते. अशा जोडांतून थोडी वीज सुखानें जाते, जास्त जात नाहीं. ऐकण्यास वीज थोडी लागते, बोलण्यास पुष्कळ. म्हणून यंत्र घरघरत सर्व ऐकवितें, आणि संकटांत बोलावयास जावें तों मुकें होतें. मालक म्हणतो, यंत्र चालू आहे. कारागीर जोड घांसून पुसतो व यंत्र बोलूं लागतें. ही विद्या कोणत्याही ग्रंथापेक्षां कारागिराच्या कामाच्या वहींत अधिक सांपडेल.

गोड्या पाण्याचे दोष निराळे. खोली मोजणारें यंत्र तळाकडे नाद सोडतें, व प्रतिध्वनि परत येण्यास लागलेल्या काळावरून खोली काढतें. कोमट गोड्या पाण्यांत नादाचा वेग सेकंदास सुमारें १४९७ मीटर, तर तितक्याच उष्ण समुद्राच्या पाण्यांत सुमारें १५३४ मीटर असतो. समुद्रासाठीं लावलेलें यंत्र तसेंच भीमेच्या पाण्यांत वापरलें तर तें शेंकडा दोन-अडीच जास्त खोली दाखवील. चूक लहान, परंतु धोक्याच्या बाजूची. नाद झेलणाऱ्या चकतीवर शेवाळ सांचलें तर प्रतिध्वनि क्षीण होतो. आणि मऊ गाळाचा थर व त्याखालील घट्ट जमीन यांतील तळ कोणता, हा संशय गाळाच्या जलाशयांत नेहमींचाच. तो फेडण्यास जुनी जमीन कशी होती हें ठाऊक असावें लागतें.

हा केवळ विद्वत्तेचा विषय नव्हे. ता. २१ मे २०२४ रोजीं करमाळें तालुक्यांतील कुगांवाहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे येणारी प्रवाशांची होडी वादळी वाऱ्यानें याच जलाशयांत उलटली, आणि सहा जण बुडाले. खोलीमापक यंत्र वारा थांबवीत नाहीं. अंगावर तरंगणारें जाकीट आणि वादळाची वेळेवर मिळालेली सूचना यांचें महत्त्व त्याहून अगोदरचें आहे. पण सूचना देणारें यंत्रही निगेवांचून मुकेंच. शिवाय बुडालेल्यांचा शोध करतेवेळीं तळ जाणणें भाग पडतें, आणि येथील तळ म्हणजे पन्नास वर्षांपूर्वींचीं शेतें व वाटा होत.

६

यावरून संग्राहकांनीं काय करावें, तें सांगून लेख पुरा करितों. जुन्या बाजारांत पितळेचें होकायंत्र किंवा जहाजाचें घड्याळ मिळालें तर तें मोठ्या किंमतीस विकत घेऊन, घांसून, कांचेच्या कपाटांत ठेवण्याची हौस आमच्यांत आहे. त्याबरोबरची चालीची वही, जहाजाच्या लोखंडामुळें सुई कोणत्या दिशेस किती ढळते याचें कोष्टक, बिनतारी अधिकाऱ्याची रोजनिशी, दुरुस्तीच्या दुकानाची कामाची वही, हीं मात्र रद्दींत जातात. वहीवांचून तें घड्याळ केवळ शोभेचें आहे. घड्याळावांचून ती वही मात्र पूर्ण प्रमाण आहे. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, मालवण या बाजूंच्या मंडळींनीं अशा वह्या मिळतील तेथून मिळवाव्या. मालक देण्यास राजी नसेल तर नक्कल करून घ्यावी, आणि वहीबरोबर कारागिराची तोंडी हकीकत त्याच्याच शब्दांत उतरून ठेवावी.

भिगवणकडील मंडळींचें काम याहून थोडें निराळें व अधिक तांतडीचें आहे. बुडालेल्या गांवांचे जुने नकाशे, शेतांच्या मोजणीचे कागद, संपादनाचे निवाडे, विहिरींच्या व वाटांच्या नोंदी ज्या घरांत असतील त्या घरांत जाऊन त्यांची यादी करावी. ज्या वृद्धांनीं तीं गांवें नांदतीं पाहिलीं, त्यांना होडींतून नेऊन कोणत्या पाण्याखालीं काय आहे हें विचारून घ्यावें, व मासेमारांनीं आपल्या सोयीसाठीं त्या त्या जागांस दिलेलीं नवीं नांवेंही त्याबरोबर टिपून ठेवावीं. खोलीमापक यंत्र फार तर किती मीटर तें सांगेल. तेथें विहीर आहे कीं पार, हें सांगणारा कागद आपणच शोधावयाचा आहे.

आणि जे आज या पाण्यावर यंत्रें वापरूं लागतील, त्यांनीं होडींत एक साधी वही ठेवावी. यंत्राचा क्रमांक, तारीख, दोष, उपाय व हात कोणाचा लागला, एवढीं पांच खानीं आंखलीं म्हणजे पुरे. ती वही प्रथम होडीच्या उपयोगी पडेल. इतिहासाच्या उपयोगी ती मागाहून पडेल.