सीरममध्ये फुटणारा अंकुर

संगमनेरसारख्या तालुक्याच्या गावातल्या पॅथॉलॉजी लॅबलाही परवडेल अशी एक चाचणी आहे. अर्धा मिलिलिटर मानवी सीरम घ्यायचे, त्यात संशयित यीस्टच्या वसाहतीचा कण कालवायचा, नळी 37 अंश सेल्सिअसला दोन-तीन तास ठेवायची आणि एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. गोल पेशीतून मोड आलेल्या मटकीसारखी नळी बाहेर पडली असेल आणि ती बुडाशी आवळलेली नसेल, तर ते यीस्ट बहुधा कॅन्डिडा अल्बिकन्स. हीच जर्म ट्यूब टेस्ट.

तान्ह्या बाळाच्या जिभेवर पांढरा थर धरतो तो याच यीस्टमुळे. 1839 मध्ये लांगेनबेक यांना टायफॉइडच्या रुग्णात ही बुरशी दिसली, पण त्यांनी तिचा संबंध टायफॉइडशी जोडला. 1842 मध्ये पॅरिसला ग्रुबी यांनी ती बाळांच्या तोंडातल्या थरात दाखवली. पुढे तिला बरीच नावे मिळाली आणि 1923 मध्ये डच संशोधिका बर्खाउट यांनी कॅन्डिडा ही प्रजाती मांडली. नाव ठरले, तरी ओळख पटवणे वेळखाऊच राहिले. निरनिराळ्या साखरा खाऊ घालून यीस्ट काय करते, हे पाहण्यात दिवस जात.

1956 मध्ये रेनॉल्ड्स आणि ब्राउड यांनी नोंदवले की रक्ताच्या सान्निध्यात या यीस्टला तंतू फुटतात. 1960 मध्ये ताश्जियान, बर्चाल आणि कोझिन यांनी त्याच गुणावर झटपट ओळखीची पद्धत बसवली. त्यांचा लेख बालरोगांच्या नियतकालिकात आला, कारण प्रश्न बाळांच्या तोंडातलाच होता.

अंकुर सीरममध्येच का फुटतो? शरीराची ऊब, रक्ताचा सामू आणि सीरममधले काही रेणू यांवरून यीस्टला आपण कुठे आहोत ते कळते. 2008 मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी दाखवले की जिवाणूंच्या पेशीभित्तिकेचे सीरममधले बारीक तुकडे यीस्टच्या आतल्या एका विकराला जागे करतात आणि तंतूची वाढ सुरू होते. त्याआधी, 1997 मध्ये, तंतू धरू न शकणारे अल्बिकन्स उंदरांना दिले, तेव्हा ते उंदीर मेले नाहीत. रूप पालटण्याची शक्ती गेली आणि तिच्याबरोबर जीव घेण्याची शक्तीही गेली.

तंतूचे खरे बळ त्याच्या अंगावरच्या प्रथिनांत आहे. एचडब्ल्यूपी-1 हे प्रथिन आपल्याच शरीरातल्या ट्रान्सग्लुटामिनेज विकराच्या साहाय्याने गालाच्या आतल्या पेशींशी कायमचे सांधले जाते, हे 1999 मध्ये कळले. एएलएस-3 पेशीला धरते आणि आत शिरायला वाट करून देते. 2016 मध्ये तंतूतून स्रवणारे, पेशींना भोके पाडणारे कॅन्डिडालायसिनही सापडले. हीच पकड कॅथेटरवर आणि दातांच्या कवळीवर बसते. तिथे यीस्ट आणि तंतू एकमेकांत गुंतून चिकट थर तयार करतात आणि त्यात औषधाचा प्रभाव फार कमी होतो.

या बुरशीविरुद्धच्या लढ्यात महाराष्ट्राने दोन वाटा उघडल्या. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच नावाच्या स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जिवाणूपासून हॅमायसिन काढले. ते बुरशीच्या पेशीचे आवरण मोडते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात मोहन करुप्पायिल यांच्या गटाने वेगळी दिशा धरली. 2013 च्या त्यांच्या शोधनिबंधानुसार लिनालूल, मेंथॉल यांसारखे वनस्पतिजन्य रेणू अल्बिकन्सचे रूपांतर, चिकटणे आणि थर धरणे रोखतात. ते प्रयोग प्रयोगशाळेतले आहेत, रुग्णाच्या उपचाराचे नव्हेत. पण पेशीला अंकुर फुटतो की नाही, हा जुन्या चाचणीचा प्रश्न तिथे औषध शोधण्याचे साधन झाला आहे.

म्हणून तालुक्याच्या लॅबने ही चाचणी सोडू नये. अंकुर दिसला तर फ्लुकोनाझोल बहुतेक वेळा उपयोगी पडते. रक्तातून आलेल्या यीस्टला अंकुर फुटला नाही, तर नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायलाच हवा, कारण 2009 मध्ये जपानमध्ये प्रथम वर्णन झालेले आणि अनेक औषधांना न जुमानणारे कॅन्डिडा ऑरिस या चाचणीत अंकुर धरत नाही.