वऱ्हाडची खंजिरी

दक्षिण आफ्रिकेतील झुलू लोकांनी मिशनऱ्यांच्या प्रार्थनागीतांना आपल्या सामूहिक गायनाची जोड देऊन, सॉलोमन लिंडा यांच्या १९३९ मधील ‘एम्बुबे’ या गीताने पुढे जगभर पोहोचलेली जी लोकप्रिय गायनपरंपरा घडविली, तिच्या जवळचे असे काही आपल्या मुलुखात शोधू गेल्यास दृष्टी अमरावती जिल्ह्यातील मौजे यावली येथे १९०९ साली जन्मलेल्या माणिक इंगळे यांच्याकडे, म्हणजेच वरखेडच्या आडकोजी महाराजांचे शिष्य तुकडोजी महाराज यांच्याकडे व त्यांच्या खंजिरी-भजनांकडे वळते. डाव्या हातात धरलेले, एका बाजूने चामडे मढविलेले व कडेच्या खाचांत धातूच्या चकत्या बसविलेले खंजिरीचे लाकडी कडे उजव्या हाताच्या बोटांनी वाजू लागले, की त्या एकाच वाद्याने ताल आणि झंकार दोन्ही साधत. म्हणूनच वीणा-पखवाजाचा सरंजाम ज्या गावाच्या ऐपतीबाहेर होता, तेथेही भजन उभे राहू शकले. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांतील महाराजांच्या पदांत ईश्वरभक्तीइतकेच ग्रामसफाई, व्यसनमुक्ती व अस्पृश्यतानिवारण यांचे आवाहन होते, आणि हेच माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण होय. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन झाला; १९४२ च्या चळवळीत चिमूर व आष्टी येथील उठावांनंतर सरकारने महाराजांना अटक करून तुरुंगात ठेवले. पुढे १९५५ मध्ये हीच खंजिरी जपानमधील विश्वधर्म परिषदेतही घुमली. अमरावती-अकोल्याच्या गावागावांतील वृद्ध भजनी मंडळींना जुन्या चाली अद्याप मुखोद्गत असतील, तर तरुणांनी त्या ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, ही माझी कळकळीची विनंती आहे.