रताळं, नाचो आणि हरवलेली नावं

आषाढी एकादशीच्या आधी आम्ही आपल्याला एक साधा प्रश्न विचारला होता, घरी रताळी आणता ती कशासाठी? जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच आलं, उपवासासाठी. कुणी उकडून खातं, कुणी तुपावर परतून गुळातले काप करतं. एका मैत्रिणीनं मात्र वेगळीच हकीकत कळवली. तिची लेक शहरात शिकते. सुट्टीत आली तेव्हा तिनं एकादशीनंतर उरलेल्या रताळ्यांच्या चकत्या भाजल्या, वर राजमा, कांदा, चीज घातलं आणि ताट आजीपुढे ठेवलं. "हे रताळ्याचे नाचोज." आजी म्हणाली, "उपवासाच्या रताळ्याला कांदा लावलास? हे कुठलं परदेशी खूळ?" ताट तसंच राहिलं, आणि दोघी दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत.

म्हणून आज या दोन पदार्थांची कुळकथा सांगायची आहे. ती ऐकून कोण परदेशी नि कोण घरचं, ते आजी आणि नात दोघींनी ठरवावं.

रताळ्याचं माहेर मध्य आणि दक्षिण अमेरिका. तिथले लोक हजारो वर्षांपासून ते लावत आले. कोलंबस तिकडे पोचण्याच्या कितीतरी आधी ते प्रशांत महासागरातल्या बेटांवर गेलेलं होतं. कुक बेटांमध्ये साधारण हजार वर्षांपूर्वीचे रताळ्याचे जळके तुकडे सापडलेत. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक त्याला 'बटाटा' म्हणत. हो, बरोबर ऐकलंत! बटाटा हे मुळात रताळ्याचं नाव. स्पॅनिश, पोर्तुगीज लोकांनी कंद उचलला तसा शब्दही उचलला. पोर्तुगीज जहाजांतून नवे कंद आपल्या किनाऱ्यावर उतरले आणि ते नाव मराठीत आलं, पण चिकटलं ते दुसऱ्याच कंदाला. मग रताळ्याला काय म्हणायचं? आपल्याकडे 'रक्तालु' हा जुना शब्द होता, तांबूस कंदाचा. त्यावरून रताळू, रताळं. गुजरातेत आजही रताळू मागितलं तर जांभळं कोनफळ मिळतं. म्हणजे रताळ्याचं नाव बटाट्यानं घेतलं आणि कोनफळाचं नाव रताळ्यानं.

आता उपवासाचं ताट डोळ्यांपुढे आणा. बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, राजगिरा, आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा. हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले! गहू, ज्वारी, तांदूळ ही पूर्वापार ओळखीची धान्यं वर्ज्य, आणि समुद्रापलीकडून आलेले पाहुणे पाटावर. आम्हाला वाटतं, कंदमुळं उपवासाला चालतात ही समजूत आधीपासून होती. नवे कंद आले ते मुकाट त्या रांगेत बसले. ते कुठून आले हे कुणा बाईनं विचारलं नसेल, कारण तिला त्या दिवशीची चूल पेटवायची होती.

भुकेच्या वेळी तर रताळ्यानं मोठं काम केलं आहे. चीनच्या फुजियान प्रांतातला चेन झेनलोंग हा व्यापारी 1593 मध्ये फिलिपिन्समधल्या लुझोनहून रताळ्याचे वेल घेऊन आला. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या राज्यपालानं हे पीक लावायला लोकांना उत्तेजन दिलं. जपानात आओकी कोन्यो या विद्वानानं 1735 मध्ये सरकारी बागेत ते लावून पाहिलं, तेही दुष्काळात भाताला पर्याय हवा म्हणून. वेलाचा तुकडा खोचला की रुजतो, हलक्या जमिनीत येतो. गरिबाला आणखी काय हवं? पण गरिबाचं म्हणूनच श्रीमंत ताटात त्याला जागा नाही, आणि आपल्याकडे बारस सोडली की तेही ताटातून उठतं.

आता नाचो. मेक्सिकोच्या उत्तर सीमेवर पिएद्रास नेग्रास नावाचं गाव आहे, नदीपलीकडे टेक्सासमधलं ईगल पास. दुसऱ्या महायुद्धाच्या त्या वर्षांत पलीकडच्या काही अमेरिकन बायका इथल्या व्हिक्टरी क्लब या खाणावळीत आल्या. आचारी जागेवर नव्हता. पाहुण्यांची बडदास्त ठेवणारा इग्नासिओ अनाया स्वतःच स्वयंपाकघरात शिरला. तिथे मक्याच्या रोट्या होत्या. त्यांचे तळलेले तुकडे, वर किसलेलं चीज आणि मिरचीच्या चकत्या, सगळं गरम करून त्यानं पुढे ठेवलं. इग्नासिओला घरी लाडानं 'नाचो' म्हणतात, जसं आपण पांडुरंगाला पांडू म्हणतो. तेच नाव पदार्थाला पडलं. 1976 मध्ये टेक्सासमधल्या एका क्रीडांगणावर फ्रँक लिबर्टो यांनी डब्यातलं पातळ चीज ओतून नाचो विकायला सुरुवात केली आणि पदार्थ जगभर गेला. अनाया त्याआधीच, 1975 मध्ये वारला होता. त्या पैशातलं त्याला काही मिळालं नाही. तरी त्याचं नाव पदार्थात उरलं. त्या रोट्या लाटणाऱ्या, थापणाऱ्या हातांचं तेवढंही नाही.

हे आम्हाला लागलं, कारण आपल्याकडे रताळ्याच्या शेतात वेल लावतात बायका, काढणीनंतर माती झाडून निवडतातही बायकाच. करमाळ्याचा, बेळगावचा माल एकादशीला, महाशिवरात्रीला पुण्याच्या बाजारात येतो, आणि अडत्याची पट्टी बहुतेक वेळा घरधन्याच्या नावानं निघते. सण सरला की भाव उतरतो. वर्षातून चार दिवस नव्हे, आठवड्यातून एकदा घरोघरी रताळं शिजलं तर त्या पट्टीत फरक पडेल. पोषणाच्या दृष्टीनंही ते फायद्याचं. आतून केशरी असलेल्या रताळ्यात शरीराला अ जीवनसत्त्व देणारं द्रव्य भरपूर असतं. आफ्रिकेत त्याचा प्रसार केला म्हणून मारिया आंद्राडे, जॅन लो आणि रॉबर्ट म्वांगा यांना 2016 चा जागतिक अन्न पुरस्कार विभागून मिळाला. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेनं 'भू सोना' हे असंच केशरी वाण काढलं आहे.

कृती सोपी आहे. अर्धा किलो रताळी सालीसकट घासून धुवा. दोन नाणी एकावर एक ठेवल्याएवढ्या जाड चकत्या करा, फार पातळ केल्या तर करपतात. वीस मिनिटं पाण्यात ठेवून पंचावर अगदी कोरड्या पुसा. ओलं राहिलं की चकती लिबलिबीत होते, इथेच बहुतेकींचं चुकतं. दोन चमचे तेल आणि मीठ चोळून तव्यावर मंद आचेवर, गर्दी न करता, दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजा. मग चकत्या कढईत पसरून वर वाटीभर शिजवलेला राजमा, किसलेलं चीज आणि मिरची घाला. झाकण ठेवून दोन मिनिटं, चीज वितळेपर्यंतच. उतरवल्यावर कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू आणि फेटलेला चक्का.

उपवास असेल तर राजमा, कांदा, टोमॅटो नको. भाजलेल्या शेंगदाण्याचं जाडसर कूट, मिरची आणि दही घाला. आजीसाठी आम्ही हेच कळवलं होतं. नातीनं पुढच्या एकादशीला करून पाहिलं. आजीनं चार चकत्या खाल्ल्या आणि मीठ कमी आहे म्हणाली.