जहाजच पिंप झालं तेव्हा

१८६१ साली 'एलिझाबेथ वॉट्स' हे शिडाचं जहाज फिलाडेल्फियाहून तेल घेऊन लंडनला गेलं. तेल लाकडी पिंपांत होतं. पिंपं गळत, वाफ जहाजाच्या पोटात कोंडून राही, आणि भरलेल्या पिंपाच्या वजनातला सुमारे पाचवा हिस्सा निव्वळ लाकडाचा असे. व्यापारी भाडं भरायचा ते तेलाचंही आणि लाकडाचंही.

यावर पहिला चांगला तोडगा निघाला कॅस्पियन समुद्रावर. बाकूच्या तेलधंद्यात उतरलेल्या लुडविग नोबेल यांनी १८७८ मध्ये पोटात टाक्या बसवलेलं 'झोरोअ‍ॅस्टर' पाण्यात आणलं. १८८६ च्या 'ग्लुकआउफ'मध्ये वेगळ्या टाक्याही गेल्या. जहाजाचा सांगाडाच तेलाची टाकी झाला. पण तेल हा अवघड माल आहे. टाकी अर्धवट भरली तर जहाज कललं की सगळं तेल त्याच बाजूला धावतं आणि जहाज उलटू शकतं. काठोकाठ भरली तर उन्हानं फुगलेल्या तेलाला जागा उरत नाही. म्हणून आत भिंती घालून कप्पे पाडले आणि वर अरुंद गळा ठेवला. तेल फुगलं की गळ्यात चढायचं, आकसलं की उतरायचं. खालचा कप्पा मात्र कायम भरलेला.

तरीही सुएझ कालव्याचं दार अशा जहाजांना बंद होतं. आग लागली तर कालवाच अडेल, ही भीती खरी होती. लंडनचे व्यापारी मार्कस सॅम्युएल यांना रशियाचं रॉकेल काळ्या समुद्रावरच्या बातुमीहून पूर्वेकडे न्यायचं होतं. त्यांनी फोर्टेस्क्यू फ्लॅनरी यांच्याकडून कालव्याच्या अटींत बसेल असा आराखडा करवून घेतला. ऑगस्ट १८९२ मध्ये त्यांचं 'म्युरेक्स' सुएझ ओलांडून सिंगापूर-बँकॉककडे निघालं. मला विचाराल तर तेलाच्या जागतिक व्यापारात कुठल्याही विहिरीइतकंच मोल या एका परवानगीचं आहे.

सॅम्युएल यांचा हिशेब चुकला तो डब्यापाशी. सुटं तेल पाठवलं की गिऱ्हाईक आपलं भांडं घेऊन येईल, असं त्यांनी धरलं होतं. पण पूर्वेकडच्या घरांना स्टँडर्ड ऑइल या अमेरिकी कंपनीच्या निळ्या डब्यांची सवय होती आणि रिकामा डबा तेलाइतकाच मोलाचा होता: छपराला पत्रा, चुलीला पत्रा, भांड्यांना पत्रा. आपल्याकडेही रॉकेलच्या डब्यात पाणी साठायचं, तुळस लागायची. गरिबाच्या घरातली ही गरज लंडनच्या कचेरीतून दिसली नव्हती. सॅम्युएल यांनी तातडीनं पत्रा पूर्वेला धाडला, तिथेच डबे बनवण्याची सोय केली आणि त्यांना लाल रंग दिला. स्टँडर्डचे निळे डबे गंजून येत. हे ताजे, चकचकीत. तेल खपू लागलं.