जुनी नौका, नवी शक्ती

बिदर-कलबुर्गीच्या कोरड्या मुलखात नौकेची गोष्ट काढलेली पाहून नवल वाटेल. पण गाणगापुरी भीमा-अमरजा संगमाचे उथळ पाणी पाहिलेल्यास सहज कळेल, की तेथे वल्ह्याहून तळाशी टेकणारा बांबूच कामाचा.

केरळातील केट्टुवळ्ळम ही नौका अशीच बांबूच्या रेट्याने चाले. खिळ्यावाचून, काथ्याने फळ्या शिवून बांधलेली ही नौका भात वाही. मालमोटारींनी तिचा धंदा बुडविला. १९९० नंतर तिचे प्रवाशांसाठी तरते घर झाले. डिझेल एंजिन जडले आणि त्यापाठोपाठ धूर, गोंगाट व तेलाचा तवंगही आला.

१९२४ च्या सत्याग्रहाने आपणांस परिचित असलेल्या वायकोम येथे २०१७ च्या जानेवारीत ‘आदित्य’ ही ७५ उतारूंची सौरनौका सुरू झाली आणि निराळा मार्ग दिसला. नौकेचा वेग दुप्पट करावयाचा, तर शक्ती सुमारे आठपट लागते. म्हणूनच संथ चालणाऱ्या तरत्या घरास विजेची लहान मोटार पुरते. मात्र बॅटरीचा भार जुना सांगाडा पेलेल काय, मुक्कामी वीज मिळेल काय, हे आधी पाहिले पाहिजे. नवी शक्ती निवडताना पहिला कौल यंत्राचा नव्हे, नौकेचा आणि पाण्याचा घ्यावा.