फूट, शाकू आणि मधला मीटर

आज आपण दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून बघणार आहोत. एक इंग्रजांचा फूट, दुसरा जपानचा शाकू. फूट ३०.४८ सेंटीमीटरचा, शाकू ३०.३० चा. फरक दोन मिलिमीटरसुद्धा नाही! सहा फुटांचा एक फॅदम, सहा शाकूंचा एक केन. तिथेही फरक जेमतेम एका सेंटीमीटरचा.

इतकं जुळतंय म्हटल्यावर वाटतं, एकाने दुसऱ्याचं उचललं असणार. तसं काही नाही. शाकू जपानात आला तो चीनकडून. हान राजवटीत हे माप सुमारे २३ सेंटीमीटरचं होतं, पुढच्या काही शतकांत ते तीसच्या आसपास पोचलं. का वाढलं? कर कापडाच्या रूपात घेतला जाई, आणि पट्टी लांब असली की वसूल करणाऱ्याच्या पदरात जास्त कापड पडे, असं एक कारण दिलं जातं. फुटाचा प्रवास युरोपात, अगदी निराळ्या वाटेने झाला. म्हणजे ही जुळणी निव्वळ योगायोगाची.

आणि असा योगायोग फसवा असतो. फुटाचे इंच बारा, शाकूचे सुन दहा. त्यामुळे पाच सुन म्हणजे पाच इंच नव्हेत, जवळजवळ सहा इंच. लांब अंतरावर काय होतं तेही बघा. मैलात ५,२८० फूट असतात, १५९३ मध्ये इंग्लंडच्या संसदेने ते ठरवलं. तितकेच शाकू मोजले, तर बरोबर १,६०० मीटर भरतात. मैल भरतो १,६०९ मीटर. हातभर लाकडात न दिसणारा फरक इथे नऊ मीटरांवर गेला!

मेजी काळात या दोन पट्ट्या प्रत्यक्ष समोरासमोर आल्या. १८७२ मध्ये शिंबाशी ते योकोहामा ही जपानची पहिली रेल्वे सुरू झाली. अभियंते इंग्रज, रुळांमधलं अंतर साडेतीन फूट, लोहमार्गाची लांबी मैलांत. आणि आजूबाजूची घरं, शेतं, कापड सगळं शाकूत. शिवाय कापडाचा शाकू वेगळा, सुताराच्या शाकूच्या सव्वापट! दूरच्या अंतराचं माप ‘री’, ते तर आपल्या कोसासारखं प्रांताप्रांताला बदलणारं.

अशा वेळी सोपा मार्ग कोणता होता? शाकू म्हणजेच फूट, असं जाहीर करून मोकळं व्हायचं. जपानने ते केलं नाही. १८८५ मध्ये तो मीटर-करारात सामील झाला आणि १८९१ च्या कायद्याने ठरवलं की शाकू म्हणजे मीटरचे दहा तेहतिसांश. म्हणजे ३३ शाकूंचे १० मीटर. री १२,९६० शाकूंची, म्हणून ३.९२७ किलोमीटर, साधारण २.४४ मैल. शाकूचा फूट करायचा तर ०.९९४ ने गुणा, झालं. एका बलाढ्य देशाच्या पट्टीला आपली पट्टी बांधण्याऐवजी, अनेक देशांनी मिळून मान्य केलेल्या मापाला ती बांधली. आम्हाला यात राजकीय शहाणपण दिसतं.

गंमत म्हणजे पुढे फुटालाही तेच करावं लागलं. १९५९ मध्ये इंग्रजी भाषक सहा देशांनी यार्ड ०.९१४४ मीटरचा ठरवला; म्हणजे आजचा फूटही मीटरवरूनच मोजला जातो. आणि त्याच १९५९ च्या १ जानेवारीपासून जपानात व्यवहारातून शाकू कायद्याने बाद झाला.

पण माप कायद्याने सुरू करता येतं, तितक्या सहज हातातून काढून घेता येत नाही. सुताराचा गुण्या शाकू-सुनांचा, किमोनो शिवणाऱ्याची पट्टीही शाकूची. त्या विकायला बंदी झाली, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब अडलं. १९७० च्या दशकात गीतकार आणि रेडिओ निवेदक एइ रोकुसुके यांनी याविरुद्ध मोहीम उघडली. अखेर सरकारने वाट काढली: पट्टीवर मीटरचा तेहतिसावा भाग दाखवणाऱ्या खुणा चालतील. आता मीटरचा तेहतिसावा भाग म्हणजे काय? एक सुन! नाव मीटरचं, माप जुनंच.

आपल्याला हे परकं वाटायला नको. १९५६ च्या कायद्याने आपल्याकडे दशमान मापं आली, तरी घर घेताना आपण विचारतो ते स्क्वेअर फूटच. जपानी माणूस त्सुबो विचारतो, म्हणजे एक चौरस केन, साडेपस्तीस स्क्वेअर फूट. तेव्हा मंडळी, मापांचं रूपांतर करताना गुणाकार जरूर करावा. पण ती पट्टी कोणाच्या हातात होती आणि कोणी काढून घेतली, हेही विचारावं. इतिहास तिथे सुरू होतो.